मूठ ओढून बघा

नवा महामार्ग चिंबारोंगोला वळसा घालून गेला, त्या वर्षी
आमच्या दारातल्या टोपल्यांवर धूळ बसेनाशी झाली.
आधी बरं वाटलं. रोज पुसायचं काम वाचलं.
मग कळलं, ती धूळ म्हणजेच गिऱ्हाईक होतं.

माझा भाऊ निबाल्दो सांतियागोहून फलक छापून आला,
पंधरा फूट लांब, सोनेरी अक्षरांत:
शंभर वर्षांची परंपरा.
बाबांनी ओले हात पुसले, बोटांवर मोजलं.
साखर कारखान्यातून काढलं सत्त्याऐंशी साली,
त्याच हिवाळ्यात वाळुंजाची पहिली मोळी उधार आणली,
आणि पहिली टोपली डावीकडे कलंडायची.
"अडतीस," ते म्हणाले.
"वरची बासष्ट वर्षं तू कुठून आणलीस?"

फलक आता मागच्या अंगणात,
काड्या भिजतात त्या हौदावर, सोनेरी बाजू खाली करून.
सावलीला फार चांगला.

आई म्हणायची, बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात,
न बोलणाऱ्याचे गहू घरातच किडतात.
बाबा गव्हाच्या जातीचे.
भाव सांगतानासुद्धा खाली बघतात,
जणू आपणच काहीतरी मागून नेतोय.

म्हणून चिठ्ठ्या मी लिहायला घेतल्या,
अंड्यांच्या पुठ्ठ्यामागे, शाळेतल्या अक्षरात.
"ही पाव आणायला. आठवड्याला पाच माणसांचा पाव मावतो,
सहाव्याचा नाही."
"हिला ओल सोसत नाही. न्हाणीघरात ठेवू नका."
"ही मांजरासाठी नाही, पण मांजराला कोण सांगणार."
"हिच्या बुडात एक काडी न सोललेली, काळी आहे.
चूक नाही. एलिओदोरोच्या हातची खूण.
आमच्या नावाने दुसऱ्याचा माल घेतला असेल
तर उलटा करून बघा."

बाबा एकेक चिठ्ठी वाचत गेले, चष्मा कपाळावर,
म्हणजे अंदाजानेच.
शेवटच्या चिठ्ठीपाशी थांबले.
मी लिहिलं होतं:
"मूठ सुटली तर परत आणा, फुकट बसवून देऊ.
आम्ही इथेच असू."
त्यांनी सुताराची पेन्सिल घेतली
आणि शेवटची ओळ खोडली.
रागाने नाही. जसा वाकडा आलेला विळखा उसवतात, तसा.
"मूठ माझ्या हातात आहे," म्हणाले.
"असणं कुठे आहे?"

मी भांडले. निबाल्दो पहिल्यांदाच माझ्या बाजूने भांडला.
चहा निवला.
शेवटी त्या खोडलेल्या ओळीखाली त्यांनीच लिहिलं:
"दुकान बंद दिसलं तर मागच्या दारी हाक मारा.
कोणीतरी ओ देईल."

तालकाची एक बाई आली, वीस वर्षांपूर्वीची टोपली घेऊन,
मूठ तुटकी, आत अजून कांद्याचा वास.
बाबांनी उलटी केली. काळी काडी होती.
बायको दाखवायला आणावी तशी त्यांनी ती मला दाखवली.
पैसे घेतले नाहीत. बाई मूठ होईस्तोवर बसून राहिली,
आणि गावी जाऊन किती जणींना काय बोलली, देव जाणे.
पण त्यानंतर मागच्या दारी हाका येऊ लागल्या,
जेवणाच्या वेळी हमखास.

गेल्या रविवारी सहा विकल्या.
सातवी एका तरुण मुलीने उचलली,
चिठ्ठी वाचली, मूठ जोरात ओढून बघितली,
आणि लाजून खाली ठेवली.
मी काही बोलणार, तेवढ्यात बाबाच बोलले,
या खेपेला वर बघून:
"बरोबर ओढलीस. अंगठ्याच्या बाजूला जरा सैल आहे.
बुधवारी ये."

ती गेली.
बाबांनी टोपली आत नेली, मूठ उसवायला घेतली.
आज मंगळवार.
हौदात चार काड्या भिजताहेत, सोनेरी अक्षरांच्या सावलीत,
त्यातली एक न सोललेली.